गॉथमला खरं कोण सांगणार? ‘द डार्क नाइट’च्या चाहत्यांना खुले पत्र

प्रिय चाहत्यांनो,

सप्रेम नमस्कार.

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना दात-ओठ खायची वेळ येणार नाही: ख्रिस्तोफर नोलनचा ‘द डार्क नाइट’ हा बॅटमॅनपट मला आवडतो. टीव्हीवर अर्ध्यातूनच कुठे दिसला तरी हातातलं काम तसंच राहतं. पण त्याचा शेवट मला पटत नाही. हे तुमच्यापैकी कुणासमोर बोललं की दोनच उत्तरं येतात. ‘तुम्हाला तो कळलाच नाही’ हे एक, आणि ‘तुम्ही मार्व्हलवाल्या दिसता’ हे दुसरं. चित्रपट मला कळला आहे, आणि मार्व्हलशी माझं काही देणंघेणं नाही. एखादा चित्रपट आवडतो आणि त्याच्याशी भांडणही आहे, अशा माणसाला तुमच्या दरबारात बसायला जागा नाही, म्हणून हे जाहीर लिहावं लागतंय.

तुमची भक्ती जुनी आहे, ती मी सुरुवातीपासून पाहत आले आहे. 18 जुलै 2008 ला चित्रपट लागला आणि त्याच महिन्यात तुम्ही मतं देऊन देऊन त्याला आयएमडीबी या सिनेमांच्या संकेतस्थळाच्या यादीत पहिल्या नंबरावर नेऊन बसवलंत. जगभरात त्यानं शंभर कोटी डॉलरांच्या वर गल्ला केला. पुढच्या वर्षी ऑस्करची आठ नामांकनं मिळाली, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पाचांत नाव नव्हतं. तेव्हा असा काही ओरडा झाला की त्यानंतरच्या वर्षी अकादमीनं ती यादी पाचाची दहा केली. या बदलाचं श्रेय म्हणा, खापर म्हणा, आजही याच चित्रपटाच्या नावावर आहे. इथवर मीही तुमच्याबरोबर. पण 2012 च्या जुलैत पुढचा भाग ‘द डार्क नाइट रायझेस’ लागायच्या आधी, ज्या समीक्षकांनी तो फारसा आवडला नाही असं लिहिलं, त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या गेल्या. परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर त्या चित्रपटाच्या परीक्षणांखालच्या प्रतिक्रिया बंद कराव्या लागल्या. धमक्या देणाऱ्यांनी चित्रपट पाहिलेला असणं शक्यच नव्हतं, तो अजून लागायचा होता. त्याच आठवड्यात, 20 जुलैला, कोलोरॅडोतल्या ऑरोरा इथे मध्यरात्रीच्या पहिल्या खेळाला एका माणसानं थिएटरात गोळीबार केला आणि बारा जण गेले. याचा दोष मी चित्रपटाला देत नाही. कुणी दिला तर त्याच्याशी भांडेन. मात्र ‘बॅटमॅनसाठी जीव घेऊ’ असं गमतीतसुद्धा म्हणायची सोय त्या दिवसानंतर उरली नाही, एवढं तरी आपण एकमेकांत मान्य करू.

आता प्रेमाचा भाग, तोही मनापासून.

सुरुवातीचा बँकेवरचा दरोडा घ्या. विदूषकाचे मुखवटे घातलेली टोळी. ज्याचं काम संपलं त्याला शेजारच्यानं उडवायचं, असं प्रत्येकाला वेगवेगळं सांगून ठेवलेलं. शेवटी एकटा उरतो तो जोकर. त्याची ओळख करून द्यायला एवढी पाच-सहा मिनिटं पुरतात. हा किती भयंकर आहे हे सांगणारं भाषण कुणाच्या तोंडी नाही. एवढ्या मोठ्या चित्रपटातले काही प्रसंग आयमॅक्सच्या, म्हणजे महाकाय पडद्यासाठीच्या, अवजड कॅमेऱ्यावर घेण्याची सुरुवात इथूनच झाली, आणि ते तंत्र नुसतं मिरवलेलं नाही. शिकागोच्या काचेच्या इमारतींवरून कॅमेरा सरकतो तेव्हा बॅटमॅनचं गॉथम पहिल्यांदा खरं शहर वाटतं, जिथे माणसं सकाळी डबा घेऊन कामाला जातात आणि संध्याकाळी गर्दीतून परत येतात. आधीच्या चित्रपटांतलं गॉथम म्हणजे धूर सोडलेला सेट असायचा. इथे भर रस्त्यात ट्रक उलटतो तो शिकागोत खरोखर उलटवलेला आहे. हॉस्पिटल उडतं ती पाडायला काढलेली खरी इमारत होती. संगीतकार हान्स झिमरनं जोकरसाठी जवळजवळ एकच सूर ताणत नेलाय. तो वाढत जातो तसे दात शिवशिवायला लागतात.

आणि चौकशीच्या खोलीतला तो प्रसंग. भसकन दिवे लागतात, बॅटमॅन मागेच उभा असतो. यानंतर जे होतं ते सुपरहिरोपटाचं सगळं गणित उलटं करणारं आहे. नायक मारतो आणि खलनायक हसतो. बळ आहे, गाडी आहे, पैसा आहे, पण समोरच्याला काही नकोच असेल तर ते बळ लावायचं कुठे? पळवून नेलेली दोन माणसं कुठे आहेत ते जोकर शेवटी सांगतो, तेही अदलाबदल करून. सरकारी वकील हार्वी डेंट वाचतो, त्याची आणि बॅटमॅनचीही लाडकी रेचल जाते. जोकर झालेला हीथ लेजर 22 जानेवारी 2008 ला गेला, अठ्ठाविसाव्या वर्षी, चित्रपट लागायच्या सहा महिने आधी. ऑस्कर त्याच्या घरच्यांनी येऊन घेतलं. आपल्याकडे निळू फुले पडद्यावर आले की बायका कडाकडा बोटं मोडायच्या, आणि ती त्या नटाला मिळालेली पावती होती. लेजरचं उलटं झालं. लोक त्याच्या खलनायकाच्या प्रेमात पडले.

इथे माझी पहिली कुरबूर, आणि ती चित्रपटाबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे. जोकर स्वतःविषयी सांगतो ते तुम्ही खरं कसं मानता? हार्वी डेंटच्या खाटेशेजारी बसून तो सांगतो की आपण योजना-बिजना आखणारे नाही, मनाला येईल ते करतो. हे सांगत असताना त्या हॉस्पिटलात स्फोटकं पेरून झालेली असतात. बँकेतून तो निघतो ती बस शाळेच्या बसगाड्यांच्या रांगेत नेमकी दोन गाड्यांच्या मध्ये शिरते. दोन बोटी इंधनाच्या पिंपांनी भरून ठेवलेल्या असतात, दोन्हींवर भेटवस्तूसारख्या पेटीत यंत्रं असतात. गॉथममध्ये याच्याइतका शिस्तीचा माणूस दुसरा नाही. महापालिकेनं नालेसफाईचं कंत्राट याला द्यावं. तोंडाच्या व्रणांची हकिकत तो दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा ती वेगळी असते. लेखकांनी ‘हा थापाड्या आहे’ असं एवढ्या ठळकपणे लिहून ठेवल्यावरही तुम्ही त्याची वाक्यं व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला तत्त्वज्ञान म्हणून लावता. त्यातली बरीचशी चित्रपटात नाहीतच, कुणीतरी त्याच्या फोटोवर चिकटवलेली असतात, ते आणखी वेगळं.

जोकरचा खरा मुद्दा एकच आहे: माणसं चांगली वागतात ती परिस्थिती चांगली असते तोवर, जरा धक्का द्या, एकमेकांना खातील. याला उत्तर कोण देतं? बॅटमॅन देत नाही. हार्वी तर देऊच शकत नाही, रेचल गेल्यावर सूडानं पिसाटून तो जोकरचा मुद्दा सिद्ध करून बसलेला असतो. उत्तर देतात त्या बोटींवरची माणसं.

एका बोटीवर साधे नागरिक, दुसरीवर कैदी. प्रत्येकीकडे दुसरी बोट उडवायची कळ. मध्यरात्रीपर्यंत कुणीच ती दाबली नाही तर जोकर दोन्ही उडवणार. नागरिकांच्या बोटीवर चिठ्ठ्या टाकून मतदान होतं आणि बहुमत कळ दाबण्याच्या बाजूनं पडतं! हे आपण सगळे सोयीनं विसरतो. चिठ्ठीवर गुपचूप लिहायला कुणाचा हात कापत नाही. मग प्रत्यक्ष कळ दाबायला कुणी तरी उठावं लागतं. सुटातला एक गृहस्थ पुढे होतो, यंत्र हातात घेतो, थांबतो, पेटीत परत ठेवतो आणि जागेवर जाऊन बसतो. तिकडे कैद्यांच्या बोटीवर अंगभर गोंदलेला एक धिप्पाड कैदी अधिकाऱ्याकडून यंत्र मागून घेतो. आपल्याला वाटतं, झालं आता. तो ते सरळ खिडकीतून पाण्यात फेकतो. ही भूमिका करणारा टायनी लिस्टर 2020 मध्ये वारला. जेमतेम दोन मिनिटांचं काम, पात्राला नाव नाही. माझ्या लेखी अख्ख्या चित्रपटातला सगळ्यात मोठा माणूस तो आहे, कारण जोकर तिथे हरतो. हरवणाऱ्याकडे केप नाही आणि बापजाद्यांची इस्टेटही नाही.

ख्रिस्तोफर आणि जोनाथन या नोलन बंधूंनी इथे भाबडेपणा केलेला नाही. माणसं घाबरट आहेत, स्वतःपुरतं पाहणारी आहेत, चिठ्ठीवर खून लिहून मोकळी होतात, हे सगळं दाखवून मग ती माणसं थांबतात. दोन्ही बोटी पाण्यावर तशाच तरंगत राहतात आणि जोकर घड्याळाकडे बघत राहतो. लोकांवर एवढा खडतर विश्वास दाखवणारा दुसरा सुपरहिरोपट मला माहीत नाही.

त्या वेळी बॅटमॅन काय करत असतो? गॉथममधल्या प्रत्येकाच्या फोनचा त्यानं कान केलेला असतो. लाखो लोकांच्या नकळत त्यांच्या खिशातल्या यंत्रातून शहराचा नकाशा उभा करतो. त्याला यंत्रं पुरवणारा मॉर्गन फ्रीमनचा लुशियस फॉक्स म्हणतो, हे चूक आहे, हे यंत्र इथे असेतो मी इथे राहणार नाही. पण तेवढ्यापुरतं वापरतो. काम झाल्यावर यंत्र नष्ट होतं आणि फॉक्स समाधानानं चालू लागतो. अमेरिकेत वॉरंटशिवाय फोन ऐकण्यात सरकारला मदत करणाऱ्या दूरसंचार कंपन्यांना मागल्या तारखेपासून कायद्याचं संरक्षण देणाऱ्या विधेयकावर जॉर्ज बुश यांनी सही केली ती 10 जुलै 2008 ला. चित्रपट लागला आठ दिवसांनी. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये त्याच महिन्यात एकानं लेख लिहून बॅटमॅनची तुलना बुश यांच्याशी केली, तीही कौतुकानं. नोलनला तसंच म्हणायचं होतं असं मी म्हणणार नाही. परंतु ‘चुकीचं आहे, पण भल्या माणसानं एकदाच केलं तर चालतं’ हा युक्तिवाद चित्रपट गिळतो, आणि आपल्यालाही गिळायला लावतो, हे खरं आहे.

तरी ते मी सोडून दिलं असतं. शेवट सोडवत नाही.

जोकर लटकतो. हार्वी, अर्धा चेहरा जळालेला, पोलीसप्रमुख गॉर्डनच्या बायको-पोरांना बंदुकीच्या धाकावर धरतो, नाणं उडवतो, पडून मरतो. त्याच्या हातून माणसं मेलेली आहेत, त्यांत पोलीसही आहेत. मग गॉर्डन आणि बॅटमॅन त्या जळक्या पडक्या जागेत उभ्या-उभ्या ठरवतात की हे लोकांना कळता कामा नये. हार्वी हा शहराचा वीर होता असंच सांगायचं, खून बॅटमॅननं आपल्या माथी घ्यायचे. का, तर लोकांचा धीर खचेल. कुठले लोक? ज्यांनी याच रात्री, काही वेळापूर्वी, मरण समोर असताना कळ दाबली नाही तेच. त्यांनी परीक्षा दिली, पास झाले, आणि निकाल लागायच्या आत वरच्यांनी ठरवलं की या पोरांना खरं झेपणार नाही.

आणि खोटं एवढं एकच नाही. त्याच मिनिटांत, त्याच संगीतावर, ब्रूस वेनचा, म्हणजे मुखवट्यामागच्या बॅटमॅनचा, जुना नोकर आल्फ्रेड रेचलची चिठ्ठी जाळतो. आपण हार्वीशी लग्न करणार आहोत, असं तिनं ब्रूसला लिहिलेलं असतं. ब्रूसला वाटत राहतं, ती आपल्यासाठी थांबली असती. आल्फ्रेड झालेला मायकेल केन इतक्या मायेनं कागद पेटवतो की तिचं शेवटचं म्हणणं, तिचा स्वतःचा निर्णय, आपल्या डोळ्यांदेखत राख होतोय याकडे लक्षच जात नाही. (या मालिकेतल्या पहिल्या चित्रपटात, ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये, केटी होम्स, दुसऱ्यात मॅगी जिलेनहाल, नटी बदलली, पण रेचलनं कायम दोन पुरुषांना प्रेरणा द्यायची आणि वेळ आली की मरायचं, हे बदललं नाही.) त्याआधी गॉर्डन स्वतः मेल्याचं नाटक करतो आणि बायकोला कळवत नाही. परत येतो तेव्हा ती त्याच्या थोबाडीत देते. तिथे थिएटरात लोक हसतात. मला त्या चापटीत चित्रपटाचं सगळ्यात सरळ परीक्षण दिसतं.

हे खोटं आपल्याला खटकत का नाही? मला वाटतं, सवय आहे म्हणून. आपल्या घरांत रोज हेच चालतं. डॉक्टरांचा रिपोर्ट आला की तो आधी थोरल्या मुलाच्या खिशात जातो आणि ज्याचा रिपोर्ट आहे त्या म्हाताऱ्याला ‘काही नाही हो, थोडी उष्णता वाढलीय’ असं सांगितलं जातं. त्यांना सोसणार नाही, हे ठरवणारा नेहमी दुसराच कुणी असतो, आणि ते ठरवताना त्याला स्वतःच्या मायेचं भरतं आलेलं असतं. गॉर्डन झालेल्या गॅरी ओल्डमनचं शेवटचं भाषण ऐकताना मला तो थोरला मुलगा दिसतो. अंगावर काटा येतो आणि डोकंही तापतं, दोन्ही एकदम.

खोटं बोलून भलं साधण्याची गोष्ट आपल्याला नवी आहे असंही नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणारा धर्मराजही भल्यासाठीच म्हणाला होता. तिथेही युद्ध जिंकायचं होतं, तिथेही बोलणारा असा निवडला होता की ज्याच्या शब्दावर शत्रूनं डोळे मिटून विश्वास ठेवावा. पण व्यासांनी काय केलं? जमिनीच्या चार अंगुळं वरून चालणारा त्याचा रथ तत्क्षणी खाली टेकला, आणि पुढे अश्वत्थामा रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना मारून गेला. धर्मराजाला महाभारत मोठा म्हणतं, पण त्याच्या खोट्याला मोठं म्हणत नाही. नोलनचं उलट आहे. खोटं ठरलं की त्याच्या बॅटमॅनची मोटरसायकल, बॅटपॉड, उतारावरून वर, उजेडाच्या दिशेनं चढते, संगीत फुगतं आणि शीर्षक पडद्यावर येतं. व्यासांचा रथ खाली येतो, नोलनचा वर जातो. माझं भांडण एवढ्या चार अंगुळांचं आहे.

तुमचे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला वजनदार आहे: हार्वीचं बिंग फुटलं असतं तर त्यानं एका फटक्यात आत घातलेले शेकडो गुंड सुटले असते. मान्य, गॉर्डनही ते बोलून दाखवतो. पण ते खटले हार्वी वेडा होण्याआधीचे, पुरावा हाँगकाँगहून उचलून आणलेल्या, गुंडांचा पैसा सांभाळणाऱ्या लाऊचा. कोर्टात झगडा झाला असता, काही सुटले असते, काही राहिले असते. गॉथमला तो झगडा परवडला नसता, असं चित्रपटानं मला पटवून द्यायला हवं होतं. तो पटवायला थांबत नाही. तो बासरी-व्हायोलिनं लावतो आणि पुढे जातो. दुसरा आक्षेप: हा शेवट शोकांत आहे, नोलन त्याचं समर्थन करत नाही. मग त्या शोकाचा एक तरी साक्षीदार मला दाखवा. ‘वीर म्हणून मरा, नाहीतर खलनायक व्हायला उरा’ अशा अर्थाचं ते प्रसिद्ध वाक्य मुळात जोनाथनचं आहे. लोकांना सगळ्यात जास्त आठवतं ते वाक्य आपण लिहिलेलं नाही आणि तेव्हा आपल्याला ते नीट कळलंही नव्हतं, याची सल ख्रिस्तोफरनं स्वतःच एका मुलाखतीत सांगितली होती. मला तो कबुलीजबाब फार आवडला. चित्रपटातही तेवढी शंका शिल्लक राहिली असती तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

तिसरा आक्षेप म्हणजे ‘थांबा, रायझेसमध्ये उत्तर आहे’. आहे, अर्धं. आठ वर्षं गेलेली. हार्वीच्या नावानं कायदा झालाय, त्याखाली कैद्यांना पॅरोल मिळत नाही. हार्वी डेंट दिन साजरा होतो. गॉर्डनच्या खिशात खरं सांगणारं भाषण लिहून तयार आहे, पण ते वाचायची हिंमत होत नाही. मग ते कागद खलनायक बेनच्या (टॉम हार्डी) हाती लागतात आणि तो ब्लॅकगेट तुरुंगाच्या दारात उभा राहून गावाला वाचून दाखवतो. या तीन चित्रपटांत गॉथमला कुणी खरं सांगितलं असेल तर ते बेननं, हातात अणुबॉम्ब घेऊन. म्हणजे सत्य आलंच तर ते असल्या माणसाकडून येणार आणि आलं की शहर बेचिराख व्हायला निघणार! जोसेफ गॉर्डन-लेविटचा तरुण पोलीस ब्लेक गॉर्डनला दोन शब्द सुनावतो खरा, आणि तो प्रसंग चांगला आहे. त्यानंतर मात्र गॉथमचे लोक जे गायब होतात ते होतातच. दिसतात ते श्रीमंतांची घरं फोडणारे, नाहीतर क्रेन नावाच्या खलनायकाच्या त्या विदूषकी न्यायालयात आरडाओरडा करणारे. शहर वाचवायला रस्त्यावर उतरतात फक्त भुयारातून सुटलेले पोलीस. बोटीवरच्या त्या सुटातल्या गृहस्थाची, त्या कैद्याची जातकुळी कुठे गेली? न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटविरोधी आंदोलन सुरू होतं त्याच 2011 च्या शरदात तिथे या चित्रपटाचं चित्रीकरण झालं. पटकथा त्याआधीची आहे, त्यामुळे टोमणा मुद्दाम नसेल. पण भीती तीच आहे, लोकांची.

आणि शेवटी पुन्हा खोटंच. ब्रूस जिवंत, पण तो गेला असं समजून शहर बॅटमॅनचा पुतळा उभारतंय, आल्फ्रेड फ्लॉरेन्सच्या कॅफेत त्याला पाहून मान हलवतोय.

बाकीच्या तक्रारी किरकोळ, त्या पटकन उरकते. बॅटमॅन झालेल्या ख्रिश्चन बेलच्या त्या घोगऱ्या आवाजासाठी कुणीतरी त्याला ज्येष्ठमध द्यायला हवं होतं. भुयारी रस्त्यातल्या पाठलागात कोण कुठल्या दिशेला चाललंय ते मला कधीच कळलेलं नाही. पेन्सिलच्या त्या प्रसंगात माणूस मरतो पण रक्ताचा थेंब दिसत नाही. अशा सफाईमुळेच अमेरिकेत याला पीजी-13 हे प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे मुलांनाही बघायची मोकळीक, आणि ब्रिटनमध्ये 12ए (बाराखालच्यांना मोठ्या माणसासोबत प्रवेश) दिल्यावर तिथल्या मंडळाकडे तक्रारींचा ढीग लागला. मला विचाराल तर त्या तक्रारी करणाऱ्या आई-बापांचं बरोबर होतं. रायझेसमध्ये विहिरीसारख्या तुरुंगातून ब्रूस वर येतो ते थेट जोधपूरला, मागे मेहरानगड दिसतो. खिशात दमडी नसताना तिथून वेढा पडलेल्या गॉथमला तो कुठल्या गाडीनं पोचला, हे मात्र तुम्हीही सांगू शकणार नाही.

एक मागणं आहे. पुढच्या वेळी शेवट बघाल तेव्हा बॅटमॅनकडे बघू नका, गॉर्डनच्या लहान मुलाकडे बघा. हार्वीनं बंदूक त्याच्या डोक्याला लावलेली असते. त्याला वाचवणारा कोण हे त्यानं स्वतः पाहिलेलं असतं. बॅटमॅन का पळतोय, त्यानं तर काही वाईट केलं नाही, असं तो बापाला विचारतो, आणि बाप त्याला ते सगळं भाषण ऐकवतो. म्हणजे हे अख्खं खोटं, तो कायदा, तो दिन, सगळं उभं आहे ते एका पोरानं, त्याच्या बहिणीनं आणि आईनं तोंड मिटून ठेवलं या भरवशावर. शाळेत हार्वी डेंटवर निबंध लिहायला सांगितला असेल तेव्हा त्यानं काय लिहिलं असेल? तिसऱ्या चित्रपटात एका ओळीत उडत-उडत कळतं की गॉर्डनची बायको पोरांना घेऊन क्लीव्हलंडला निघून गेली. का गेली, हे कुणी विचारत नाही. मला कारण सांगायची गरज वाटत नाही.

तुमच्यातले बरेच जण फॅन फिक्शन, म्हणजे याच पात्रांवर स्वतःच्या गोष्टी, लिहितात, काही फार चांगलं लिहितात. त्या मुलावर कुणी लिहिलं असेल तर जरूर पाठवा, मी वाचीन. फक्त कॉमिक्समध्ये गॉर्डनच्या मुलाचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे, ते परत सांगू नका. आणि तो मोठेपणी बॅटमॅनचा साथीदार रॉबिन झाला, असलंही काही नको.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमच्यातलीच एक